गिट्टीखदानखालचं तळं

नवतपा लागला की नागपुरात माणसं दोनच कामं करतात. कूलरमध्ये पाणी भरतात, आणि कूलरसमोरच्या जागेवरून भांडतात. परवा दुपारी आमच्याकडे दुसरं काम जोरात चाललं होतं. एका बाजूला सेंट लुईहून सुटीला आलेली थोरली नात, दुसऱ्या बाजूला इथलाच धाकटा नातू. थोरलीने शेवटी हुकमाचं पान टाकलं.

"आमच्या शहराच्या खाली ना, गुहा आहेत. एकदम थंड. तिथे कूलर लागतच नाही."

धाकटा कशाला ऐकून घेतो! "आमच्याकडे बी आहे. महालातून सुरू होते अन् थेट सीताबर्डीच्या किल्ल्यात निघते. भुयार! घोड्यावर बसून जाता येते त्यातून."

"तू पाहिलंस?"

"मी कुठून पाहीन? बुजवून टाकलं ना ते." आणि मग माझ्याकडे वळून, "आबा, सांगा ना हिले!"

आता आली का पंचाईत. हे भुयार मीही त्याच्याएवढा असताना ऐकलं होतं. आमच्या वेळी त्यात एक शेळी सोडली होती म्हणे, आणि ती तिसऱ्या दिवशी किल्ल्यावर चरताना सापडली. शेळीची साक्ष द्यायला गल्लीत चारचौघं तयार असत. शेळी पाहिलेला मात्र एकही नव्हता. महाराष्ट्रात ज्या गावाला वाडा आणि टेकडी आहे, त्या गावाला भुयार आहेच. मोर्शीजवळच्या सालबर्डीला तर महादेवाची गुहा खरोखरच आहे, आणि ती आतल्या आत थेट पचमढीला निघते असं लोक सांगतात. मध्ये सातपुड्याच्या रांगा आणि सरळ रेषेतसुद्धा शंभर किलोमीटरहून जास्त अंतर. पण ज्यांनी नागपंचमीला नागद्वारची यात्रा केली आहे, पचमढीच्या त्या ओल्या कपारींतून वाकून, सरपटून देवापाशी गेले आहेत, त्यांना हे अंतर फार वाटत नाही. मलाही त्या वयात वाटलं नव्हतं.

"भुयाराचं नंतर बघू," मी म्हटलं. "आधी मला सांगा, गुहा होते कशी?"

"कोणीतरी खणते," धाकटा म्हणाला.

"चला स्वयंपाकघरात."

आमचा ओटा कडप्प्याचा. त्यावर मी अर्धं लिंबू पिळलं. आजी देवळात गेली होती म्हणून हे शक्य झालं. पाच मिनिटांनी फडक्याने पुसलं तर काळ्या कुळकुळीत दगडावर रुपयाएवढा फिकट डाग. बोट फिरवलं तर तिथली चकाकी गेलेली, जरा खरखरीत लागतं. मग तोच प्रयोग मागच्या अंगणात, पाट्यावर. वाटण वाटून वाटून मध्ये खोलगट झालेला, आईच्या वेळचा पाटा. त्यावर उरलेलं लिंबू पिळलं, पुसलं. काही नाही. पाटा जसाच्या तसा.

दोन्ही दगड काळेच. पण कडप्पा म्हणजे चुनखडक. कधीकाळी समुद्राच्या तळाशी साचलेला चुना. पाटा म्हणजे बेसाल्ट, थिजलेला लाव्हा. चुन्याला आंबट सोसत नाही, तो विरघळतो. आणि पावसाचं पाणी किंचित आंबट असतं बरं का. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात मिसळतो, मातीतून झिरपताना आणखी मिसळतो. लिंबाच्या मानाने हा आंबटपणा काहीच नाही, पण पावसाला घाई कुठे असते? चुनखडकाच्या भेगेत थेंब शिरतो, केसाएवढं झिजवतो, पुढे जातो. मागून दुसरा. हजारो, लाखो वर्षांनी त्या भेगेत माणूस उभा राहील एवढी जागा झालेली असते. कोणी खणत नाही. पाणीच खडक खाऊन जातं.

"म्हणजे आमच्याकडे चुनखडक आहे," थोरलीने बरोबर पकडलं.

तिच्या शहराची गोष्ट तिला अर्धीच माहीत होती, ती मी पुरी केली. सेंट लुई वसलंय मिसिसिपी नदीच्या काठी, चुनखडकावर. एकोणिसाव्या शतकात तिथे जर्मनीहून लोक आले, त्यांना बिअर गाळता यायची. ती मुरवायला थंड जागा हवी, आणि फ्रीज तर अजून जन्मला नव्हता. शहराच्या पोटातल्या गुहांमध्ये बाराही महिने १३ अंशांच्या आसपास तापमान. झालं, गुहांवर दारूभट्ट्या उभ्या राहिल्या. पुढे बर्फाची यंत्रं आली, गुहा ओस पडल्या, वरती घरं झाली, दारं बुजली. बेंटन पार्क नावाच्या बागेखाली इंग्लिश नावाच्या माणसाची गुहा होती. त्या बागेतल्या तळ्याचं पाणी खालच्या गुहेत पळून जायचं, म्हणून तळ्याचा तळ पक्का करावा लागला. गुहेचं तोंड मात्र हरवलं ते हरवलंच. दुसरी एक चेरोकी गुहा. तिच्यात १९४६ साली रानडुकरासारख्या एका नामशेष प्राण्याची हाडं निघाली. काही वर्षं लोक तिकीट काढून ती बघायला येत. १९६१ मध्ये महामार्गासाठी तीही बंद झाली.

"बघ," थोरली धाकट्याला म्हणाली.

धाकट्याचं तोंड एवढंसं झालं. "मग आपल्या नागपूरच्या खाली काय आहे, आबा? नुसता पाटा?"

जवळजवळ तसंच. पण पुरतं नाही.

नागपूर हे मोठं गमतीचं गाव आहे. १७०२ साली गोंड राजा बख्त बुलंद शाहाने ते वसवलं, तेव्हा त्याला कल्पना असणं शक्य नव्हतं की आपण दोन खडकांच्या शिवेवर शहर बांधतोय. मोटामोटी सांगायचं तर सीताबर्डीच्या पूर्वेला, इतवारीकडे, जमिनीखाली दीडशे कोटी वर्षांहून जुना, पट्ट्यापट्ट्यांचा नाईस खडक. पश्चिमेला काळा बेसाल्ट, आपला पाटा. पश्चिम महाराष्ट्रात बेसाल्टचे थर एकावर एक रचत हजार मीटरच्या वर जातात. महाबळेश्वरला गेलात की घाटात त्यांच्या पायऱ्या दिसतात. तेच लाव्हाचं पसरणं पूर्वेकडे येता येता पातळ होत गेलं आणि नागपूरशी संपलं. पोळीची कड असते ना, तसं. आपण दख्खनच्या पोळीच्या कडेवर राहतो.

बेसाल्टात चुनखडकासारखी गुहा होत नाही हे पाट्याने सांगितलंच. अजिंठा, वेरूळ, आपल्या पातूरची लेणी, ही माणसाने छिन्नीने कोरलेली. निसर्गाने बेसाल्टात पोकळी केली तर तीन प्रकारांनी. एक, वाहत्या लाव्हाची वरची साय थिजते आणि आतला लाव्हा पुढे निघून जातो, मागे नळी राहते. हवाई बेटांवर अशा मैलोन् मैल लांबीच्या नळ्या आहेत. दोन, लाव्हातल्या वायूचे बुडबुडे आत अडकतात, त्यांच्या पोकळ्या राहतात. या गुहा असतात मुठीएवढ्या, पण आत दिवाळी असते. नंतर पाझरलेल्या पाण्याने त्यांत गारगोटीचे, झिओलाइटचे स्फटिक धरलेले. आणि तिसरा प्रकार, तो आपल्या कामाचा. लाव्हाचे सगळे थर एकदम आले नाहीत. एक आला, थंड झाला, मग कितीतरी काळ काहीच नाही. त्या मधल्या काळात वरती माती झाली, राख साचली, पाणी साचलं. मग दुसरा लाव्हा त्यावर. हा मधला थर मऊ. डोंगराच्या उघड्या कड्यावर वारापाऊस तो आधी खातो, वरचा कठीण थर छपरासारखा पुढे राहतो. सह्याद्रीतल्या कितीतरी कपारी अशा झाल्या आहेत.

"म्हणजे खाली काळा, वर काळा, मध्ये मऊ," थोरली म्हणाली. "सँडविच."

"अन् आपल्याकडे मध्ये काय आहे?" धाकट्याचा जीव अजून भुयारात होता.

मी कपाटावरून पत्र्याचा डबा काढला. एकेकाळी बिस्किटांचा, झाकणावरचं चित्र पार उडालेला.

आमचं घर काटोल रोडच्या बाजूचं. पलीकडे गिट्टीखदान, इकडे पोलीस लाइन टाकळी. गिट्टीखदान हे नाव बसच्या पाटीवर रोज वाचतो आपण, पण ते नाव नीट ऐका. गिट्टीची खदान. काळा दगड फोडून गिट्टी काढायची जागा. शहर वाढलं, नाव तेवढं मागे राहिलं. १९८४ च्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत सामाईक विहीर खणली. तेव्हा मी शाळेत विज्ञान शिकवायचो, सुटी होती, रोज जाऊन काठावर बसायचो. आधी काळी माती, मग मुरूम, मग काळा दगड. सुरुंग लावून लावून तो फोडला आणि एका दुपारी खालून मिस्त्रीने हाक मारली, "गुरुजी, काळ्याच्या पोटातून पांढरं निघालं!"

टोपलीतून वर आलं ते पाहिलं. पांढरट, कुठे हिरवट. काही तुकडे असे की हातात घेतले तर बोटांना पीठ लागावं, काही गारेसारखे कडक, फोडले तर पात्यासारखी धार. दोन-तीन हात तसं निघालं, आणि खाली पुन्हा काळा दगड, भोकाभोकांचा. पांढऱ्यातले दोन तुकडे मी घरी आणले. बायको म्हणाली, दगड आणायचेच होते तर बागेच्या कडेला लावायला पुरतील एवढे तरी आणायचे.

त्यातला पहिला तुकडा मी थोरलीच्या हातावर ठेवला. दगडात अर्धी रुतलेली, अंगठ्याएवढी गोगलगाय. शंखाचे वेढे स्पष्ट, शेवटचा वेढा फुगीर, वर टोक. दगडाचीच झालेली.

"ही इथे काय करून राहिली?" धाकटा.

राहत होती. ही जात गोड्या पाण्यातली. ज्या अर्थी ती इथे आहे त्या अर्थी इथे तळं होतं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, तुझ्या घराच्या खाली.

आता गोष्ट नीट ऐका. पंखा जरा हळू करा.

तेव्हा भारत आशियाला लागलेला नव्हता. विषुववृत्ताच्या दक्षिणेला, समुद्राने वेढलेला, एखाद्या सुटलेल्या तराफ्यासारखा उत्तरेला निघाला होता. वेग वर्षाला सुमारे १५ सेंटीमीटर, म्हणजे आपली नखं वाढतात त्याच्या चौपट. खंडाच्या मानाने ही पळापळच. आणि त्याच वेळी जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा बाहेर येत होता. शंकूसारखा ज्वालामुखी नाही. उतू गेलेल्या दुधासारखा, सपाट पसरणारा. आज एवढं झिजूनसुद्धा तो पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे.

एक थर इथवर आला आणि थिजला. त्याच्यावर वर्षानुवर्षं पाऊस पडला. लाव्हाने जुने ओढे-नाले अडवलेले, त्यामुळे खोलगट जागी पाणी साचलं. पाणी आलं की कोण येतं? आपल्या फुटाळ्याचं बघा, माणसाने बांधलेला तलाव, पण त्यात शेवाळ घालायला कोणाला बोलवावं लागलं? तसंच. आधी शेवाळ. त्यात कॅरा नावाची पाणवनस्पती, जिची तिळापेक्षा बारीक गोल फळं चुन्याची होतात म्हणून टिकतात. मग शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी. शिंपल्यात राहणारे मोहरीपेक्षा बारीक जीव, ऑस्ट्रॅकॉड. मासे. काठावर झाडं. झाडांवर भुंगे. एखादा भुंगा पाण्यात पडला, त्याचं कठीण पंखकवच चिखलात रुतलं. अशी कवचं पुढे अँड्र्यू मरे नावाच्या स्कॉटलंडच्या माणसाने तपासून त्यांच्या जाती लावल्या.

"मासे कोणते?" थोरलीला माशांचं वेड आहे.

त्यातला एक तुझ्या ओळखीचा. गार. लांब थोबाडाचा, अंगावर चकचकीत, चौकटी फरशा बसवल्यासारखे खवले. आज भारतात मूळचा एकही नाही. पण मिसिसिपीत अजून पोहतो. टाकळीच्या याच पांढऱ्या थरात त्याचे खवले सापडले आहेत.

ती काही क्षण गप्प बसली. माझ्या अंदाजाने, आपल्या नदीतला मासा आजोळच्या विहिरीत बघत होती.

"अन् डायनासोर?" धाकट्याने हा प्रश्न आतापर्यंत दाबून कसा धरला होता देव जाणे.

टाकळीच्या थरात डायनासोरच्या अंड्यांच्या टरफलांचे बारीक तुकडे मिळालेत. म्हणजे आसपास कुठेतरी माद्या अंडी घालत होत्या. घरटी बघायची तर ती सालबर्डीच्या परिसरात सापडली आहेत, त्याच सालबर्डीत जिथली गुहा लोक पचमढीला नेतात. आणि वरोऱ्याजवळच्या पिजदुऱ्यात तर...

इथे मी मुद्दाम थांबलो. मुलांना गोष्ट सांगताना काही पत्ते राखून ठेवावे लागतात.

"तर काय?"

डायनासोरचं शेण. दगड झालेलं. शेतात पडलेलं असायचं. ते फोडून, आम्लात विरघळवून, सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर त्यात गवताचे अंश निघाले. प्रत्येक गवताच्या पात्यात वाळूचे, म्हणजे सिलिकाचे, ठरावीक आकाराचे कण असतात. जनावराच्या पोटातून ते तसेच बाहेर पडतात. २००५ साली भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांनी हे छापलं आणि जगभरच्या पुस्तकांत दुरुस्ती करावी लागली. तोवर समजूत अशी की गवत डायनासोरांच्या नंतरचं. आपल्या विदर्भाच्या शेणाने ती खोडली.

पाच मिनिटं हसण्यात गेली. शेण या शब्दावर एवढं हसता येतं हे मी विसरलो होतो.

मग दुसरा लाव्हा आला. हजार-अकराशे अंश तापलेला. तळ्याचं पाणी उकळलं असेल, वाफेचे ढग उठले असतील. तळं तोवर काही जागी आटूनही गेलं असेल. लाव्हाला लागून असलेला चिखल विटेसारखा भाजला गेला. पण ओला चिखल उष्णता झटकन खाली जाऊ देत नाही. खालचा गाळ वाचला. नंतर गरम खडकांतून झिरपलेल्या, सिलिका विरघळलेल्या पाण्याने त्याला जागोजागी गारेसारखं कडक केलं. गोगलगायीचा शंख आहे त्या जागी, आहे त्या आकारात, दगड झाला. तळ्यावर दगडी झाकण बसलं. सीताबर्डीच्या टेकडीतही हीच रचना आहे, दोन काळ्यांमध्ये तळ्याचा गाळ. तुझं भुयार जिथे निघतं म्हणतोस ना, त्या किल्ल्याच्या पायाखाली.

धाकट्याने मान वर केली. भुयार गेलं होतं, पण किल्ला राहिला होता.

"पण हे कळलं कोणाला?" थोरली.

स्टीफन हिस्लॉप. हिस्लॉप कॉलेज आहे ना, ते ज्याच्या नावाचं. स्कॉटलंडचा मिशनरी, १८४५ साली नागपुरात आला. आला होता धर्म सांगायला, शाळा काढायला. पण हा माणूस चालताना खाली बघायचा. टाकळी तेव्हा शहराबाहेरचा माळ. १८५१ च्या सुमारास त्याला आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर याला त्या माळावर ही गोगलगाय दिसली. दोघांनी मग नागपूरच्या चहूबाजूंनी खदानी, विहिरी, नाले पालथे घातले. कामठीजवळ सिलेवाड्याच्या वाळूच्या दगडात त्यांना याहून कितीतरी जुन्या झाडांच्या पानांचे ठसे मिळाले. १८५५ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात नागपूरच्या आसपासच्या खडकांवर त्यांचा निबंध छापून आला, १८६० मध्ये हिस्लॉपचा शंखांवरचा दुसरा. टाकळीच्या एका हिरव्या खनिजाला हिस्लोपाइट असं नावही मिळालं. विहिरीतला तो हिरवट तुकडा आठवतो?

मला या माणसाची एक गोष्ट विशेष वाटते. त्याने गोंडांच्या तोंडून त्यांची लिंगोची कथा ऐकून लिहून ठेवली. खडकातला असो की माणसाच्या तोंडातला, जुना थर दिसला की तो थांबायचा.

"मग?"

मग ४ सप्टेंबर १८६३. बुटीबोरीजवळ टाकळघाटला जुनी शिळावर्तुळं आहेत, लोहयुगातल्या माणसांनी मेलेल्यांसाठी मोठमोठे दगड गोल मांडलेले. ती बघायला मध्य प्रांताचा प्रमुख अधिकारी रिचर्ड टेंपल गेला होता, हिस्लॉपही तिथे होता. परतताना रात्र झाली. ओढ्याला पूर आलेला. हिस्लॉप घोड्यावर होता आणि एकटा. तो त्या पाण्यात बुडाला. वय पंचेचाळीस. त्याचे कागद टेंपलने पुढे १८६६ मध्ये छापले. आणि अजब बंगला, तुम्ही दर सुटीत जाता ते संग्रहालय, तेही त्याच १८६३ सालचं.

धाकटा काही बोलला नाही. मे महिन्यात कोरडा असणारा ओढा सप्टेंबरात काय करतो हे नागपूरच्या मुलाला वेगळं सांगावं लागत नाही.

वातावरण जड झालं म्हणून मी देवघरातून शंख आणला. आजी परत आली होती. तिने ओट्यावरचा डाग अजून पाहिला नव्हता, तेवढं बरं होतं.

"फुंकायचं टोक वर धर. तोंड आपल्याकडे. उघडी बाजू कोणत्या हाताला?"

"उजव्या."

"आता ही गोगलगाय तशीच धर. टोक वर."

थोरलीने दगड फिरवला, परत फिरवला. "डाव्या!"

डावखुरी आहे ती. जगातले बहुतेक शंख-गोगलगायी उजव्या वळणाच्या, ही जात डाव्या वळणाची. शास्त्रात तिचं नाव जेम्स प्रिन्सेपच्या नावावरून ठेवलं आहे, ज्याने अशोकाची ब्राह्मी लिपी वाचली तो प्रिन्सेप. आणि गंमत ऐका. पूजेला ज्याला दक्षिणावर्ती शंख म्हणतात, लाखात एक, ज्यासाठी लोक वाटेल ती किंमत मोजतात, तो म्हणजे प्राणिशास्त्राच्या भाषेत डावाच. भटजी शंख उलटा धरतात, फुंकायचं टोक खाली, म्हणून त्यांना तो उजवा दिसतो. म्हणजे टाकळीच्या तळ्यात या जातीच्या सगळ्याच्या सगळ्या गोगलगायी दक्षिणावर्ती!

"अग बाई," आजी दारातून म्हणाली, "आणि हे इतकी वर्षं बिस्किटाच्या डब्यात?"

संध्याकाळी ऊन उतरल्यावर दोघांना घेऊन गिट्टीखदानपर्यंत चालत गेलो. त्यांना तळं बघायचं होतं. दाखवण्यासारखं तिथे काही नाही, हे मला माहीत होतं. सिमेंटचा रस्ता, दुकानं, एका भिंतीला टेकवलेली हातगाडी. आमची विहीरही दहा वर्षांपूर्वी बुजवली, वर आता कोणाच्या तरी गाड्या उभ्या असतात. सेंट लुईच्या गुहेचं जे झालं तेच. फरक एवढाच की तिथे खाली पोकळी आहे, इथे भरगच्च आहे.

"पोकळी असती तर घर खाली गेलं असतं काय?" धाकट्याने विचारलं.

कधी कधी जातं. २०२२ च्या ऑगस्टात चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसला एक आख्खं घर जमिनीत गडप झालं. खाली जुनी कोळशाची खाण. जमीन हलायला लागली तशी घरातली माणसं बाहेर पळाली, म्हणून वाचली. ती पोकळी माणसाने केलेली होती आणि वरच्यांना तिचा विसर पडला होता. आपलं तळं कुणाला गिळायचं नाही. त्याच्या डोक्यावर आख्खा काळा दगड बसलाय आणि पोटात गाळ ठासलाय.

एका घराचा पाया खणून काढलेला ढीग रस्त्याकडेला पडला होता. दोघं त्यावर तुटून पडली. मुरूम, काळे दगड, विटांचे तुकडे, एक चप्पल. पांढरं काही नाही. चौकीदाराने हटकलं, "काय हरपलं बाप्पा?" धाकटा म्हणाला, "तळं." चौकीदाराने माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे.

रात्री जेवणं झाल्यावर डब्यातला दुसरा तुकडा काढला. हा पिठूळ, दिसायला अगदी फालतू, खडू तुटल्यासारखा. कधीकाळी शाळेसाठी घेतलेलं दहापट भिंग दिलं आणि दिव्याखाली बसवलं. थोरलीला काही दिसेना. धाकट्याने भिंग डोळ्याला चिकटवलं, दगड पुढेमागे केला, आणि एकदम स्तब्ध झाला.

"आबा, इथे एक गोळी आहे. बारकी. तिच्यावर रेघा आहेत, गोल गोल. लिमलेटच्या गोळीवर नसतात का, तशा."

कॅऱ्याचं फळ. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पिकून तळ्याच्या तळाशी पडलेलं, ज्याला रुजायला मिळालं नाही.

"किती रेघा आहेत, मोज."

तो मोजायला लागला. श्वास रोखून, ओठ हलवत. थोरली त्याच्या खांद्यावरून वाकली. सातपर्यंत आला.

"हलवू नको ना, हललं!" तो तिच्यावर ओरडला. "पहिल्यापासून मोजावं लागते आता."